पाईलच्या स्पायरलचं वजन: एका बिलाचा हिशेब

रायगड जिल्ह्यात खाडीवरच्या एका पुलाचं चालू बिल अडकलं होतं. बाकीच्या बाबी मंजूर झाल्या होत्या, अडलं होतं ते फक्त पाईलच्या स्पायरलवर. पाईल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब, आणि स्पायरल म्हणजे त्याच्या उभ्या सळयांभोवती वेटोळ्यांनी गुंडाळलेली सळई. ४८ पाईलसाठी कंत्राटदाराने बिलात ९,२५२ किलो लोखंड लावलं होतं. सल्लागाराच्या तपासनीसाने लाल शाईने ते ७,५२९ किलोवर आणलं. मधला फरक १,७२३ किलोचा. निविदेतला दर टनाला ७५,००० रुपये, म्हणजे वाद १ लाख २९ हजारांचा. पुलाच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ. पण पुढच्या टप्प्यात आणखी पाईल व्हायच्या होत्या, आणि मोजमापाची चुकीची रीत एकदा एमबीत (मोजमाप वहीत) शिरली की शेवटच्या बिलापर्यंत तशीच उतरत जाते. म्हणून दोन्ही तक्ते तपासणीसाठी माझ्याकडे आले.

दोन्ही बाजूंची पत्रं आधी वाचली. सगळं भांडण एकाच मुद्द्यावर चाललं होतं: तिरकसपणा. कंत्राटदाराच्या इंजिनिअरचं म्हणणं असं, की स्पायरल म्हणजे सुट्या रिंगा नव्हेत. सळई फिरता फिरता चढत जाते, त्यामुळे प्रत्येक फेरा परिघापेक्षा लांब भरतो. तपासनीसांनी नुसता परीघ धरला म्हणून आमचं लोखंड कापलं गेलं. तपासनीसाचं उत्तर एका ओळीचं: तिरकसपणाने एवढा फरक पडत नाही. त्याचं हे उत्तर बरोबर होतं. पण मग पावणेदोन टनांचा फरक आला कुठून, हे कोणत्याच पत्रात नव्हतं.

ड्रॉइंगमधली माहिती थोडक्यात अशी. पाईलचा व्यास १००० मिमी. स्पष्ट कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) ७५ मिमी, आणि हे कव्हर सर्वांत बाहेरच्या सळईपर्यंतचं, म्हणजे स्पायरलच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. उभ्या सळया २५ मिमीच्या १६. स्पायरल १० मिमीचं. या सगळ्या सळयांच्या पिंजऱ्याच्या तळापासून कट-ऑफ लेव्हलपर्यंत (पाईलचा माथा तोडतात त्या पातळीपर्यंत) स्पायरलची उंची १८ मीटर. त्यातल्या वरच्या ४.५ मीटरमध्ये पिच (एका फेऱ्यात सळई चढते ते अंतर) १५० मिमी आणि खालच्या १३.५ मीटरमध्ये २०० मिमी. दोन्ही टोकांना दीड-दीड फेरा सपाट, जास्तीचा. आतून दर दीड मीटरवर १६ मिमीची ताठ रिंग. या टप्प्यातल्या ४८ पाईलची लांबी १८ मीटरच्या आसपासच भरली होती, त्यामुळे दोन्ही तक्त्यांत सरसकट १८ मीटर धरलेली होती आणि त्यावर वाद नव्हता.

यातलं बरंचसं भारतीय मानकांतून (आयएस) येतं. आयएस २९११ मध्ये पाईलच्या स्पायरलची सळई किमान ८ मिमीची आणि अंतर १५० मिमीपेक्षा कमी नको असं म्हटलेलं आहे. ट्रिमीतून (तळापर्यंत सोडलेल्या नळीतून) ओतलेलं काँक्रीट पिंजऱ्यातून बाहेर कव्हरमध्ये सहज जायला हवं, म्हणून वेटोळी फार दाट करून चालत नाही. १६ मिमीच्या रिंगा दीड मीटरवर, हेही त्याच मानकातलं. टोकाच्या दीड फेऱ्याची तरतूद आयएस ४५६ मध्ये आहे: स्पायरलचं टोक नुसतं सोडून दिलं तर ताण आल्यावर ते उलगडू लागतं, म्हणून जास्तीचा दीड फेरा देऊन ते अडकवायचं.

कोणता व्यास?

स्पायरलच्या हिशेबातला खरा निर्णय हा एकच. बाकी सगळं यंत्रवत आहे. सळई वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधल्या रेषेची लांबी जवळजवळ होती तेवढीच राहते. म्हणून कापायची लांबी काढताना व्यास धरायचा तो सळईच्या मध्यरेषेचा. पाईलच्या व्यासातून कव्हर दोनदा वजा करायचं, कारण ते दोन्ही बाजूंना आहे; आणि स्पायरलच्या सळईचा व्यास एकदा वजा करायचा, कारण दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा जातो.

१००० − (२ × ७५) − १० = ८४० मिमी

एका सपाट फेऱ्याची लांबी ३.१४१६ × ८४० = २६३८.९ मिमी.

आता तिरकसपणा. एक आयताकृती कागद घ्या, त्यावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा आणि कागदाची नळी करा. रेघेचा एक फेरा तयार होतो. कागदाची रुंदी म्हणजे परीघ, उंची म्हणजे पिच आणि तिरकी रेघ म्हणजे सळई. शाळेतला पायथागोरसचा काटकोन त्रिकोण, दुसरं काही नाही.

१५० मिमी पिचला: √(२६३८.९² + १५०²) = २६४३.२ मिमी
२०० मिमी पिचला: √(२६३८.९² + २००²) = २६४६.५ मिमी

फेऱ्यामागे वाढ अनुक्रमे ४.३ आणि ७.६ मिमी. अडीच मीटरहून लांब फेऱ्यात बोटाच्या जाडीएवढीही नाही. वर्गमूळ काढायचं नसेल तर ही वाढ तोंडी काढता येते: पिचचा वर्ग भागिले परिघाची दुप्पट. १५० चा वर्ग २२,५००, त्याला ५,२७८ ने भागलं की ४.३ येतात. पिच परिघाच्या मानाने लहान असतो तोवर ही रीत जवळजवळ अचूक उत्तर देते.

फेरे मोजताना उंचीला पिचने भागायचं, तेवढंच. ४.५ भागिले ०.१५ म्हणजे ३० फेरे, १३.५ भागिले ०.२० म्हणजे साडेसदुसष्ट. अर्धा फेरा आला म्हणून बिचकायचं कारण नाही. सळई अर्ध्या फेऱ्यावरही संपू शकते; लांबी काढताना तो अर्धाच धरायचा.

३० × २.६४३२ = ७९.२९६ मीटर
६७.५ × २.६४६५ = १७८.६३९ मीटर
टोकाचे ३ सपाट फेरे × २.६३८९ = ७.९१७ मीटर
एकूण २६५.८५ मीटर

१० मिमी सळईचं आयएस १७८६ मधलं प्रमाण वजन मीटरला ०.६१७ किलो. साइटवर सगळे वापरतात ते सूत्र, व्यासाचा वर्ग भागिले १६२, हेच उत्तर देतं: १०० भागिले १६२ म्हणजे ०.६१७. त्या १६२ मागे पोलादाची घनता आहे, घनमीटरला ७,८५० किलो. नेमका भाजक १६२.२ येतो, पण हाताने हिशेब करताना १६२ पुरेसा आहे.

२६५.८५ × ०.६१७ = १६४.०३ किलो एका पाईलला. ४८ पाईलला ७,८७३ किलो.

म्हणजे बिल १,३७९ किलोंनी जास्त आणि तपासणी ३४४ किलोंनी कमी. दोन्ही चूक, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

कंत्राटदाराचा तक्ता

तक्ता एक्सेलमध्ये नीट मांडलेला होता. वर्गमूळाचा रकाना होता, अगदी पाच दशांशांपर्यंत. आकडेमोडीत कुठेही गफलत नव्हती. चूक होती ती पहिल्याच रकान्यात: व्यास ९२५ मिमी. म्हणजे १००० मधून कव्हर एकदाच वजा केलं होतं आणि सळईचा व्यास मुळीच नाही. आयताकृती बीम-कॉलमच्या रिंगा काढताना कुणी असं करत नाही, कारण तिथे रुंदीतून दोन्हीकडचं कव्हर जातं हे डोळ्यांना दिसतं. वर्तुळात व्यास हा एकच आकडा असतो, कव्हरही एकच आकडा, आणि एकातून एक वजा होऊन जातो. गोल कॉलमच्या तक्त्यांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की गोल काही असलं की पहिल्यांदा तोच रकाना बघतो.

दुसरी चूक फेऱ्यांची. प्रत्येक भागात अधिक एक केलेलं होतं: ३१, आणि ६८.५ चे पूर्ण करून ६९. सुट्या रिंगांना अधिक एक लागतो, कारण साडेचार मीटरमध्ये दीडशेची ३० अंतरं बसतात आणि त्यांना ३१ रिंगा लागतात. स्पायरलमध्ये मोजायचं असतं ते अंतरच. प्रत्येक फेरा स्वतःच एक पिच चढतो. शिवाय दोन पिच जिथे भेटतात तिथे सळई तुटत नाही, त्यामुळे दुसऱ्या भागाला वेगळं अधिक एक करण्याला काही आधारच नाही. टोकाचे तीन सपाट फेरे त्यांनी पुन्हा वेगळे धरले होते, ते मात्र बरोबर होतं.

तिसरा मुद्दा लॅपचा, म्हणजे एक सळई संपून दुसरी सुरू होते तिथे टोकं एकमेकांवर चढवण्याचा. १२ मीटरच्या सळया, दर सळईला ५० पट व्यास म्हणजे ५०० मिमी लॅप, असे २५ लॅप, साडेबारा मीटर. लॅपवर पुढे सविस्तर लिहितो.

९२५ च्या व्यासाने १५० पिचचा फेरा येतो २९०९.८ मिमी आणि २०० पिचचा २९१२.८ मिमी. सगळं मिळून लॅपसकट ३१२.४१ मीटर, १९२.७६ किलो. बरोबर उत्तराशी तुलना केली तर पाईलमागे २८.७ किलोचा फरक असा वाटला जातो: व्यासामुळे १६.५, जास्तीच्या फेऱ्यांमुळे ४.५, लॅपमुळे ७.७. ४८ पाईलला अनुक्रमे ७९३, २१६ आणि ३७० किलो.

आणि ज्याच्यावर सगळी पत्रं लिहिली गेली त्या तिरकसपणाचं वजन? फेऱ्यामागच्या त्या चार-साडेसात मिमीची बेरीज पाईलला ०.६४ मीटर, म्हणजे ०.३९ किलो. ४८ पाईलला १९ किलो. रुपयांत सुमारे चौदाशे. १ लाख २९ हजारांच्या वादात चौदाशे रुपयांच्या मुद्द्यावर कागद खर्ची पडले. वर्गमूळ दिसलं की हिशेब शास्त्रशुद्ध वाटतो, आणि वजाबाकीकडे कुणी पाहत नाही.

तपासनीसाचा तक्ता

त्याने व्यास ८३० धरला होता. दोन्हीकडचं कव्हर वजा केलं, पण सळईचा व्यासही दोनदा वजा केला, म्हणजे स्पायरलच्या आतल्या कडेचा व्यास. परीघ २६०७.५ मिमी. फेरे साडेसत्त्याण्णव, हे बरोबर. तिरकसपणा शून्य. टोकाचे फेरे शून्य. उत्तर २५४.२३ मीटर, १५६.८६ किलो.

यातली व्यासाची चूक ४८ पाईलला ९१ किलोची, तिरकसपणाची १९ ची. पण टोकाचे फेरे गाळल्याने २३४ किलो गेले, सतरा हजारांवर रुपये. हे मला खटकलं. ते तीन फेरे ड्रॉइंगवर काढलेले आहेत, टीप लिहिलेली आहे, पिंजऱ्यात ते बांधलेले आहेत, त्यांच्याशिवाय पिंजरा नापास झाला असता. काम करून घ्यायचं आणि मापात धरायचं नाही, हा अन्याय आहे. तपासणी म्हणजे आकडा खाली आणणं नव्हे. विचारल्यावर तपासनीस म्हणाला, "साहेब, ते लॅपमध्येच येतं ना?" नाही येत. लॅप म्हणजे एका सळईचं टोक दुसरीवर चढवून पुढे नेणं. टोकाचा दीड फेरा म्हणजे स्पायरल संपवताना ते जागीच बांधून ठेवणं. दोन्हींचं काम वेगळं, आणि मोजमापातली जागाही वेगळी.

यार्डातली तपासणी

कागदावर ९२५ चूक आहे हे दाखवणं सोपं होतं. पण कंत्राटदाराच्या इंजिनिअरने एक रास्त प्रश्न विचारला: "प्रत्यक्षात पिंजरा तेवढाच मोठा बांधलेला असेल तर?" आधीच्या पाईल काँक्रीटमध्ये गेल्या होत्या, पण पुढच्या पाईलचे पिंजरे त्याच फिटरने, त्याच साच्यावर बांधून यार्डात ठेवलेले होते. तेच मोजायचं ठरलं.

पिंजऱ्याचा व्यास आडवी टेप धरून मोजू नये. आडवा ठेवलेला पिंजरा स्वतःच्या वजनाने थोडा चपटा होतो. उभा व्यास कमी भरतो, आडवा जास्त. टेप वेटोळ्याच्या बाहेरून गोल फिरवायची आणि परीघ वाचायचा. चपटा झाला तरी परीघ तोच राहतो. टेप स्पायरलच्या बाहेरच्या कडेला टेकते, म्हणून वाचनातून ३.१४ गुणिले सळईचा व्यास, इथे ३१ मिमी, वजा केले की मध्यरेषेवरची लांबी मिळते. ड्रॉइंगप्रमाणे बाहेरचा परीघ ८५० व्यासाचा, म्हणजे २.६७ मीटर यायला हवा. ताठ रिंगेजवळ आणि दोन रिंगांच्या मध्ये, अशा वेगवेगळ्या ठिकाणी टेप फिरवली, वाचनं २.६७ ते २.६८ च्या आत राहिली. ९२५ मध्यरेषेचा व्यास खरा असता तर टेप २.९४ दाखवती.

मुळात तो पिंजरा मोठा होऊच शकत नव्हता, कारण त्याचा आकार ठरवते ती आतली ताठ रिंग. तिच्यावर उभ्या सळया बसतात आणि त्यांच्यावर स्पायरल. बाहेरून आत येत जा: ८५० मधून स्पायरलचे दोन्हीकडचे २० गेले, उभ्या सळयांचे दोन्हीकडचे ५० गेले, राहिले ७८०. रिंगेचा बाहेरचा व्यास ७८०, तिची मध्यरेषा ७६४, कापायची लांबी २.४० मीटर अधिक जोडाची. फिटरने शेडच्या खांबावर खडूने "२४००" लिहून ठेवलेलं होतं आणि खाली जोडासाठी वेगळा आकडा. त्याच्याकडे एक्सेल नव्हतं, पण मध्यरेषा त्याला पक्की ठाऊक होती. नाहीतर रिंग बंद करताना टोकं एकमेकांवर चढली असती किंवा फट राहिली असती.

पिचही तपासला. एकेक अंतर मोजण्यात अर्थ नसतो, हाताने बांधलेल्या वेटोळ्यात पाच-दहा मिमी इकडेतिकडे असतंच. एका उभ्या सळईवर खडूने खूण करायची, तिथून दहा फेरे मोजायचे आणि त्या दहांचं एकत्र अंतर घ्यायचं. खालच्या भागात ते दोन मीटरच्या अगदी जवळ आलं. फेऱ्यांची संख्याही याच सळईवर मोजता येते, फक्त सुरुवातीची खूण शून्य धरायची, एक नाही. एकपासून मोजलं की तोच अधिक एक पुन्हा शिरतो.

यापेक्षाही एक मोठी गोष्ट कंत्राटदाराच्या लक्षात आणून द्यावी लागली. मध्यरेषेचा व्यास ९२५ म्हणजे बाहेरचा ९३५. हजाराच्या पाईलमध्ये तो पिंजरा बसवला तर कव्हर राहतं साडेबत्तीस मिमी. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ७५ ऐवजी साडेबत्तीस! क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ कव्हर कमी झालं की झपाट्याने घटतो, आणि पाईलची सळई गंजायला लागली तर ती वरून दिसतही नाही, दुरुस्त तर होतच नाही. बिलातला आकडा खरा म्हणून लढायचं असेल तर त्याबरोबर आपल्या ४८ पाईलचं कव्हर निम्म्याहून कमी आहे हेही मान्य करावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. व्यासाचा मुद्दा तिथेच मिटला. माझ्या मते प्रत्येक गोल पिंजऱ्याच्या तक्त्यात कव्हरचा एक रकाना उलटा काढून ठेवावा: धरलेल्या व्यासावरून कव्हर किती उरतं? ७५ च्या जागी दुसरं काही आलं की वर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं.

लॅपचे पैसे

इथे मात्र दोन्ही बाजूंना थोडं समजून घ्यावं लागलं, कारण उत्तर गणितात नाही, करारात आहे.

इमारतींच्या कामात सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) पद्धतीने मंजूर लॅप मापात धरले जातात; ड्रॉइंगमध्ये दाखवलेले किंवा परवानगी दिलेले असतील तर त्यांची लांबी जोडायची. हा पूल मात्र केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांवर चालला होता, आणि त्यात सळईचं मोजमाप लॅप वगळून करायचं असं स्पष्ट आहे. लॅप, कपलर (सळया जोडायचे तुकडे), खुर्च्या आणि स्पेसर (सळया जागेवर धरणारे आधार), बांधायची तार, नासधूस हे सगळं दरातच धरलेलं. म्हणजे तेच स्पायरल, तेच लॅप, एका करारात पैसे मिळतात आणि दुसऱ्यात नाहीत. कंत्राटदाराचा इंजिनिअर आधी इमारतींवर होता. त्याने सवयीने जोडले होते.

पैसे मिळत नाहीत म्हणून लॅप नाहीसे होत नाहीत. लोखंड तर आणावंच लागतं. म्हणून एका स्पायरलचे दोन हिशेब ठेवावेत, एक बिलाचा आणि एक खरेदीचा, आणि ते एकाच तक्त्यात मिसळू नयेत. खरेदीचा असा: पहिली सळई १२ मीटर देते, त्यानंतरची प्रत्येक लॅप वजा जाऊन साडेअकरा. २६५.८५ मधून १२ गेले, राहिलेले २५३.८५ भागिले ११.५ म्हणजे २२ च्या किंचित वर. तेवीस सळयांत ८५ सेंटिमीटर कमी पडतात, म्हणून चोविसावी घ्यावी लागते आणि लॅप २३ होतात. २३ लॅपचे साडेअकरा मीटर धरून वापर २७७.३५ मीटर, १७१.१३ किलो. चोविसाव्या सळईचा उरलेला साडेदहा मीटरहून थोडा लांब तुकडा पुढच्या पिंजऱ्यात जातो, म्हणून तो भंगार धरायचा नाही. ४८ पाईलला ८,२१४ किलो.

स्टोअरच्या नोंदवहीने याला दुजोरा दिला. स्पायरलसाठी १० मिमीच्या १,१२५ सळया दिल्याची नोंद होती, म्हणजे १३,५०० मीटर. माझ्या हिशेबाने लागणाऱ्या १३,३१३ मीटरपेक्षा हे जास्त, पण दीड टक्क्याच्या आत, आणि कापाकापीत एवढं जातंच. बिलातल्या ९,२५२ किलोला मात्र १,२५० सळया लागल्या असत्या. तेवढ्या स्टोअरमधून निघाल्याच नव्हत्या.

वजनकाट्याच्या पावत्यांवरून तपासनीसाने एक शंका काढली होती: काट्यावर माल हिशेबापेक्षा कमी भरतो. भरणारच. आयएस १७८६ मध्ये १० मिमीपर्यंतच्या सळयांना प्रमाण वजनाच्या सात टक्के इकडेतिकडे सूट आहे, आणि कारखान्यातून येणाऱ्या बारीक सळया बहुधा त्या सुटीच्या खालच्या बाजूला असतात. मीटर-मीटरचे तुकडे कापून वजन केलं तर सरासरी ०.५९ च्या आसपास आली, सुटीच्या आत. या करारात पैसे लांबी गुणिले प्रमाण वजन असेच द्यायचे होते, त्यामुळे काट्याची पावती मोजमापात येत नव्हती. मालाची गुणवत्ता तपासायला ती जरूर वापरावी. लांबी ठरवायला नाही.

तिरकसपणा कुठे धरावा

एवढं वाचून कुणी वर्गमूळाचा रकाना काढून टाकू नये. इमारतीतला ३०० मिमीचा गोल कॉलम घ्या, कव्हर ४०, स्पायरल ८ मिमीचं, पिच ७५. मध्यरेषेचा व्यास २१२, परीघ ६६६, फेऱ्यामागे वाढ ४.२ मिमी, म्हणजे ०.६ टक्के. पाईलच्या मानाने दुप्पट ते चौपट, तरी एक टक्क्याच्या आत. अशा कॉलममध्ये स्पायरलमुळे मिळणारी पाच टक्के जादा ताकद धरायची असेल तर आयएस ४५६ प्रमाणे पिच ७५ मिमीपेक्षा आणि गाभ्याच्या (स्पायरलच्या बाहेरच्या कडेपर्यंतच्या भागाच्या) व्यासाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त ठेवता येत नाही. गाभा इथे २२० मिमीचा, म्हणजे पिच ३६ वर येतो आणि तिरकसपणा आणखी घटतो. बांधकामात मान्य असलेल्या कोणत्याही स्पायरलमध्ये तो हिशेब उलटापालटा करत नाही. धरायचा तो बरोबर आहे म्हणून, मोठा आहे म्हणून नव्हे.

शेवटी काय ठरलं

७,८७३ किलोवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. कंत्राटदाराचे १,३७९ किलो गेले, म्हणजे १ लाख ३ हजार रुपये. तपासनीसाने कापलेले ३४४ किलो, सुमारे २५,८०० रुपये, कंत्राटदाराला परत मिळाले. ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसला विनंती केली की पाईलच्या छेदावर नुसतं कव्हर न लिहिता "स्पायरलचा मध्यरेषेचा व्यास ८४०" असंही लिहावं. पुढच्या सुधारित ड्रॉइंगवर ते आलं.

पुढच्या टप्प्यात खडक कमी-जास्त खोलीवर लागत होता आणि प्रत्येक पाईलची लांबी वेगळी येणार होती. दर वेळी सगळा तक्ता मांडत बसण्यापेक्षा मीटरमागे वजन काढून दिलं. १५० पिचच्या भागात मीटरला १०.८७ किलो, २०० पिचच्या भागात ८.१६५ किलो, आणि टोकाच्या तीन फेऱ्यांचे ठोक ४.८८५. वरचे साडेचार मीटर कायम असल्याने त्यांचे ४८.९३ किलोही कायम. बदलतो फक्त खालचा भाग. पुढच्या टप्प्यातली पहिली पाईल १६.४ मीटरवर थांबली. ४८.९३, अधिक ११.९ मीटरचे ९७.१६, अधिक ४.८८५: १५०.९७ किलो. हा आकडा कंत्राटदाराच्या इंजिनिअरने आणि तपासनीसाने आपापल्या वहीत वेगवेगळा काढला, आणि दोघांचा सारखाच आला.